माझा धूर जासईला राहतो

मी चिमणी बोलतेय. पोराला घास भरवताना तुम्ही जिचं नाव घेता ती नव्हे. मी तुर्भ्याची, लोखंडाची, कपडे रंगवणाऱ्या कारखान्याच्या मागच्या बाजूला उभी असलेली. माझ्यातून आता धूर निघत नाही. मला हिरवा रंग फासलाय, पोटावर भलंथोरलं पान काढलंय, आणि पाहुणे आले की माझ्यासोबत फोटो काढून घेतात.

फोटोत मी छान येते. तिरडीवर माणूसही न्हाऊन-माखून बरा दिसतो.

मी थंड पडलेय, पण रिकामी नाही. माझ्या आत एक माणूस आहे. तो कसा आला, ते सांगायला आज तोंड उघडलंय. तसं ते कायमच उघडं होतं म्हणा. त्यातून काय बाहेर पडतंय हे बघायची कुणाला गरज वाटत नव्हती, एवढंच.

माझा जन्म इथल्याच एका वर्कशॉपमधला. पत्रे वाकवले, वेल्डिंग मारलं, दोन तुकड्यांत मला आणलं आणि क्रेननं एकावर एक चढवलं. पडू नये म्हणून चारी बाजूंनी तारा ताणल्या. तेव्हा मालकांचे वडील हयात होते. त्यांनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि खालच्या बॉयलरच्या भट्टीत स्वतःच्या हातानं पहिला विस्तव टाकला. मला वाटलं, जन्माला येणं म्हणजे हेच असणार. खालून कुणीतरी पेटवून देतं आणि तोंड तुमचं काळं होतं.

मग कोळसा यायला लागला.

कोळसा म्हणजे काय ते तुम्हाला शाळेत शिकवलंय. मला कुणी शिकवलं नाही, मी तो गिळला. ते मेलेलं रान असतं. माणसाचा पत्ता नव्हता तेव्हा उभं असलेलं, मग चिखलात बुडालेलं, दगड होऊन पडलेलं. त्याला तुम्ही नीट मरूसुद्धा दिलं नाही. खणून काढलं, ट्रकात भरलं आणि माझ्याखाली आणून पुन्हा एकदा जाळलं. भट्टीत पडताना ते आवाज करायचं. सगळ्यांना वाटायचं तडतडतंय. मला ती सळसळ ऐकू यायची. एकही पान नसलेल्या त्या दगडातून पानांची सळसळ उठायची आणि माझ्या अंगातून वर जायची.

वर गेलेलं रान कुठंही जात नाही. ते तुमच्या डोक्यावर बसून राहतं आणि दर उन्हाळ्याला थोडं आणखी खाली वाकतं. तुम्ही म्हणता, यंदा जरा जास्तच उकडतंय नाही? आणि एसी लावता.

बॉयलरवर दत्तू होता. परभणीकडचा. कामाच्या शोधात नवी मुंबईत आला आणि डोंगराखालच्या वस्तीत राहिला. फावड्यानं कोळसा मारायचा, राख ओढायची, वाफेच्या काट्यावर नजर ठेवायची, हे त्याचं आयुष्य. मी त्याला वरून बघायचे आणि तो मला खालून. धुराच्या रंगावरून त्याला माझी तब्येत कळायची. त्याच्या खोकल्यावरून मला त्याची.

आमच्या कारखान्यात एक रिवाज होता. भट्टी पेटवायला काडी लावायची नाही. वर्षातून एकदा तपासणीसाठी बॉयलर थंड करावा लागतो. तेव्हा दत्तू भट्टीतले निखारे घमेल्यात काढायचा, राखेखाली झाकून, अधूनमधून खडा टाकून जपायचा आणि तपासणी आटोपली की त्याच निखाऱ्यांवर भट्टी पुन्हा पेटवायचा. मालक अरविंदसाहेब म्हणायचे, "बाबांच्या हातचा अग्नी आहे. तो विझला तर ह्या घराण्याचं काही खरं नाही."

दत्तूचा देवाधर्माशी संबंध नव्हता. त्याच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. पण हा विस्तव तो साहेबांपेक्षा जास्त जपायचा. का, ते त्यानं एकदा आपल्या मुलीला सांगितलं. अस्मिता तिचं नाव. डबा द्यायला आली होती आणि घमेल्याजवळ बसलेल्या बापाला हसत होती.

"हसू नको, लेकरा," दत्तू म्हणाला. "आमच्या लहानपनी वस्तीतली चूल इझली की वरच्या आळीला इस्तू मागाया जावं लागायचं. हातात देत नव्हते. लांबून गोवरीवर टाकायचे. मग फुकत फुकत पळत यायचं. वाटंत इझला की रडू यायचं, कारन परत जायाचं म्हंजी परत तेच. आन् आता बघ. अख्खा कारखाना मपल्या इस्तवावर चालतो. साहेबाच्या बापानं टाकला असंल, जिता ठिवला म्या."

अस्मितानं डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "इस्तू तुमचा. कारखाना त्यांचा. आणि खोकला परत तुमचाच. बरं वाटून घेतलंय तुम्ही वाट्याला आलेलं."

ही अस्मिता खारघरला डिप्लोमा करत होती. मेकॅनिकल. मध्येच सोडला. वस्तीतल्या बायका विचारायच्या, का गं सोडलंस? ती म्हणायची, "सर पुस्तक बघून फळ्यावर लिहायचे आणि आम्ही फळा बघून पुस्तकात. मधल्या मधे कुणी काही शिकत नव्हतं." आता ती कुरिअरच्या गोदामात पार्सलं लावायची. तिची जीभ तिखट होती आणि मला ती आवडायची. माझ्या आसपास इतकी वर्षं मोठी माणसं वावरली. एकानंही कधी वर बघून विचारलं नाही की हे सगळं जातं कुठं. हिनं विचारलं. उत्तर कुणी दिलं नाही. उलट 'पोरगी जरा जास्तच बोलते' असं ठरलं.

दत्तूचा खोकला वाढला. डॉक्टरनं फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि सांगितलं, धुरापासून लांब राहा. बॉयलरवाल्याला हे सांगणं म्हणजे कोळ्याला पाण्यापासून लांब राहा म्हणण्यासारखं. पण अस्मितानं ते मनावर घेतलं. बापाला भट्टीपासून उठवायचं, तिच्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही.

तेवढ्यात परदेशातून निरोप आला.

साहेबांचं मोठं गिऱ्हाईक युरोपातलं. तिथल्या दुकानांत टांगलेले शर्ट आमच्याकडे रंगायचे. त्यांनी कळवलं, जगाला ताप चढलाय, तुम्ही कोळसा बंद करा. दिवाळीच्या आधी आमची माणसं येऊन बघतील. मागणी रास्त होती. मीच म्हणते, रास्त होती. पण त्यांच्याकडच्या चिमण्या पिढ्यान् पिढ्या ओकत होत्या, तेव्हाच त्यांची घरं उभी राहिली, हे त्या निरोपात कुठं नव्हतं. त्यांना शर्टही स्वस्त हवा होता आणि धूरही कमी हवा होता. ह्या दोन्हींच्या मध्ये जो चिरडला जाईल त्याची सोय काय, ह्यावर एक ओळ नव्हती.

तरी अस्मिताला आनंद झाला. कारखान्यासमोरच्या रस्त्याखालून गॅसची पाइपलाइन गेली होती. शेजारच्या दोन कारखान्यांनी ती घेतलीही होती. गॅसच्या बॉयलरला फावडं लागत नाही. "सुटलात पप्पा," ती म्हणाली. "आता बटण दाबा आणि बसा."

अरविंदसाहेबांनी गॅसचा बॉयलर घेतला. लहानसा. दाखवण्यापुरता. फिके रंग तेवढे इथं, आणि काळा, निळा, मरून असे वाफ खाणारे गडद रंग सगळे खाडीपलीकडच्या जासई गावाला. तिथं कंटेनर यार्डांच्या मागं एक शेड भाड्यानं घेतली आणि भंगारातून एक बॉयलर उभा केला. माझ्यापेक्षा म्हातारा. त्याला कोळसाच काय, टायरचे तुकडे आणि चिंध्याही चालणार होत्या.

साहेबांनी दत्तूला माझ्या पायथ्याशी बोलावून हे सांगितलं. अस्मिता तिथंच होती.

"जासईला कोण विचारतंय?" साहेब म्हणाले. "पुढं कंटेनर, मागं कंटेनर. धूर कुणाचा ते शोधायला वरून देव यावा लागेल. पण बॉयलर जुना आहे दत्तू, तिथं तुझ्याशिवाय कुणाचा हात चालायचा नाही. तू म्हणजे घरचा माणूस."

"घरच्या माणसाची छाती फुटलीय, साहेब," अस्मिता म्हणाली.

"अगं, मी काय त्याला मरायला पाठवतोय का? मोकळी हवा आहे तिथं. खाडीचं वारं."

"आणि गाव? शेडच्या मागं गाव आहे. लोक राहतात."

"तुझं शिक्षण किती गं?" साहेबांनी हसून विचारलं.

"तुमच्यापेक्षा कमी. म्हणूनच सरळ दिसतं. त्या गोऱ्यांनी त्यांचा धूर आपल्याकडे पाठवला. तुम्ही तो जासईला पाठवताय. जासईवाल्यांनी कुठं पाठवायचा?"

"अस्मे!" दत्तू ओरडला. मुलीवर. बघा, ओरडला कुणावर. मग साहेबांकडे वळून म्हणाला, "पोर हाय, साहेब. मनावर घेऊ नका. येतो म्या."

अरविंदसाहेब दुष्ट नव्हते, हीच पंचाईत होती. दुष्ट माणसाला नाही म्हणता येतं. हे दिवाळीला घरी मिठाई पाठवायचे, दत्तूच्या पोरांची नावानिशी चौकशी करायचे, खांद्यावर हात ठेवायचे. त्या हाताखाली दत्तूचा खांदा इतका वाकला होता, की तो हात आहे का ओझं, हे त्याला कळेनासं झालं होतं. ह्या दोघांच्या पिढीनं असंच चालवलं. एकानं शब्द टाकायचा, दुसऱ्यानं झेलायचा, आणि मध्ये जे जळतं त्याला निष्ठा म्हणायचं.

हलवायचा दिवस ठरला दसऱ्याचा. मुहूर्त साहेबांनीच काढला. त्याच दुपारी परदेशी पाहुणे येणार होते. म्हणजे सकाळी माझ्याखालची आग काढायची, जासईला न्यायची, आणि दुपारी पाहुण्यांना थंड भट्टी आणि स्वच्छ आभाळ दाखवायचं. आग न्यायची म्हणजे खरोखरच न्यायची. वडिलांच्या हातचा अग्नी, घमेल्यात भरून. जासईची भट्टी पेटवायची ती त्याच निखाऱ्यांवर.

दसऱ्याला वस्तीत पांढरे कपडे निघतात. धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. दत्तूही पांढरा शर्ट घालून आला होता. निखारे पोचवून संध्याकाळी विहारात जायचं, असा त्याचा बेत. त्यानं दोन मोठी घमेली भरली. लाल, लखलखीत, धुराचा मागमूस नसलेले निखारे. वर राखेचा पातळ थर दिला. मी बघत होते. माझ्या पोटातली ऊब घमेल्यात जात होती आणि मी पायापासून गार होत होते. एखाद्याचे पाय गार पडत जातात ना, तशी.

टेंपो देवजीचा. तो जासईचाच. बंद पेटीचा टेंपो, मागं शटर. साहेब म्हणाले, "विस्तव घेऊन उघड्यानं जायचं नाही. वाटेत कुणी अडवलं तर भलतंच झंझट. पोचेपर्यंत शटर उघडायचं नाही."

"विस्तवाजवळ कोन बसंल?" देवजीनं विचारलं. "वाटेन पेटला काय तर?"

"म्या बसतो," दत्तू म्हणाला. "फुकर लागंल मदी मदी. नाय तर राख होईल."

अस्मिता फाटकातून आली ती पांढऱ्या पंजाबी ड्रेसमध्ये, बापाला न्यायला. तो आत चढलेला बघून तिनं शटर धरलं.

"पप्पा, उतरा. आज तरी नको. आई विहारात जाऊन बसलीय."

"शब्द दिलाय गं."

"काडेपेटीनं नाही का पेटत ती भट्टी?"

"पेटती की. पन मग ती कुनाचीबी." तो घमेल्यांच्या मध्ये उकिडवा बसला. "लेकरा, जासईत सोडतो आन् येतो. विहारात जागा धर मपल्यासाठी."

शटर खाली आलं. मला त्याचा आवाज अजून ऐकू येतो.

दुपारी पाहुणे आले. दोन गोरे आणि त्यांच्या मुंबईच्या कचेरीतली गीतांजली नावाची बाई. झेंडूची तोरणं होती, आपट्याची पानं होती. साहेबांनी भट्टीचं दार उघडून दाखवलं. आत पाणी मारून झाडून काढलेलं. मग सगळे अंगणात आले आणि माना वर करून माझ्याकडे बघू लागले. माझ्या तोंडावर निळं आभाळ. काहीच नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या वाजत होत्या, आणि नेमकं तेव्हाच माझ्या आत, खाली, कुणीतरी खोकलं. भट्टी थंड. दार बंद. आत कुणी नाही. पण खोकला ओळखीचा होता. एकदाच आला आणि थांबला.

देवजी दिवेलागणीला परत आला. टेंपो वाकडातिकडा उभा करून माझ्या पायथ्याशीच बसला. अस्मिता फाटकावर उभी होती. विहारातली जागा धरून धरून, वाट बघून आली होती. तिनं विचारलं, "पप्पा कुठंत?"

देवजी तिच्याकडे बघेना. जमिनीशी बोलत राहिला.

"दास्तान फाट्याला कंटेनरची लाइन लागलेली. गाडी हालत नव्हती. तो आतून एकदा ठोकला. मी बोललो, आला आता गाव, बस जरासा. परत ठोकला, जरा हळू. मंग नाय ठोकला. मना वाटला झोपला. साहेब बोल्लेला शटर खोलू नको, तं नाय खोलला मी. पोचल्यावर खोलला तं..." त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले. "बसलेलाच होता ग पोरी. घमेल्याकरं तोंड करून. कपडा जळला नाय, अंग भाजला नाय. डाक्टर बोलला, गॅस लागला. मी बोललो, आमचे टेंपोन गॅस कंचा?"

गॅस कुठला, ते मला विचारा. निखारे बंद जागेत धुमसले की तो निघतो. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. कोळशाच्याच पोटचा; माझ्या घशातून तोही जायचा, पण त्याला वर आभाळ मोकळं असायचं. पेटीत कुठलं आभाळ? धूर असता तर दत्तू ठसकला असता, ओरडला असता, पत्रा फोडून बाहेर आला असता. धुराशी त्याची ओळख होती. पण धूर नव्हता. पाहुण्यांना हवी होती तशीच स्वच्छ, बिनधुराची हवा होती त्या पेटीत. त्यात तो मेला.

अस्मिता रडली नाही. तिनं विचारलं, "आणि निखारे?"

देवजी टेंपोकडे बघायला लागला.

"निखारे कुठंत, देवजीकाका?"

"जिते होते," तो म्हणाला. "साहेबाला फोन केला मी. बोललो, असा असा झालाय. साहेब रडत होता, खोटा कया बोलू? मंग बोलला, विस्तव हाय का अजून? बोललो हाय. तं बोलला, आधी भट्टी पेटवून घ्या, मुहूर्त जातोय. मी नाय पेटवला, आईशपत. दुसऱ्यांनी पेटवला."

म्हणजे दत्तू टेंपोत बसलेला असताना, त्याच्या पुढ्यातले निखारे काढून जासईची भट्टी पेटवली. आग तिकडे गेली. माणूस मात्र माझ्याकडे परत आला. तेव्हापासून तो माझ्यात आहे, रात्री-अपरात्री खोकतो. वारा नसताना माझ्या तारा थरथरतात, तो फावडं टेकवतो म्हणून. रखवालदार म्हणतो, लोखंड आहे, गरम-गार होताना वाजतं. मी आता गरम होत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

पुढं मला हिरवा रंग मारला. सोहळा झाला. मांडवात दत्तूचा हार घातलेला फोटो होता आणि समोर त्याचं घर बसलं होतं. बायको केशरबाई, अस्मिता आणि तिचा भाऊ अश्विन. अरविंदसाहेब बोलायला उभे राहिले, त्यांना खरोखर डोळे पुसावे लागले. म्हणाले, दत्तू ह्या घराण्याचा आधार होता. त्यांनी केशरबाईच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. आणि माइकवरूनच सांगितलं, दत्तूची जागा दुसऱ्या कुणाला देणार नाही. अश्विनला जासईला घेणार. टाळ्या झाल्या.

अस्मिता उठून सरळ गीतांजलीकडे गेली. त्या बाईला तिनं सगळं सांगितलं. शेड, बॉयलर, टायर, टेंपो. मराठीतच सांगितलं, अडखळली नाही. गीतांजलीचा चेहरा पडला. बाई चांगली होती. पण चांगल्या माणसांनीच तर आमचं वाटोळं केलंय.

"तुमचं खरं असेल," गीतांजली हळूच म्हणाली. "मला वाईट वाटतंय, खरंच. पण आमच्या तपासणीत फक्त हाच पत्ता येतो. जासई आमच्या कक्षेतच नाही."

"पत्ता श्वास घेतो का, मॅडम?"

गीतांजलीनं माझ्याकडे बघितलं. माझ्या पोटावरच्या पानाकडे. मग ड्रायव्हर बोलवायला आला आणि ती गेली.

मांडव रिकामा झाला. तिघं माझ्या सावलीत उरली.

"येत्या सोमवारपासून जायचंय," अश्विन म्हणाला. तो बाइकवरून जेवणाचे डबे पोचवायचं काम करायचा.

"तू जाणार नाहीस," अस्मिता म्हणाली.

"ताई, बाइकवर काय फुलांचा वास घेतो का मी? सगळीकडे धूरच आहे. इथं निदान साहेब ओळखीचे."

केशरबाई शालीचा काठ बोटानं चाचपत होती. "भर मांडवात मान दिला त्यांनी, अस्मे. येवढ्या लोकांम्होरं. आता नाही कसं म्हनायचं?"

"तेच," अस्मिता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "हेच, आई. तुमचं 'नाही कसं म्हणायचं'. पप्पा निखाऱ्यानं मेले असं डॉक्टर म्हणाला. मी म्हणते, ते ह्याच्यानं मेले. तुम्हा मोठ्यांना सगळं आलं. हात जोडायला आलं, शब्द झेलायला आलं, पोरांना गप्प करायला आलं. दोन अक्षरं तेवढी आली नाहीत. आणि आता अश्विनलापण देतेस त्यांना?"

केशरबाईनं तोंडाला पदर लावला. तुम्हाला वाटेल, पोरगी फार तोडून बोलली. मलाही क्षणभर वाटलं. पण त्या मांडवात खरं बोलणारं तेवढं एकच तोंड होतं, आणि खरं गोड करून सांगायचं असतं हा नियम कुणी केला? ज्यांना ते ऐकायचं नव्हतं त्यांनीच.

माझ्या पायथ्याशी एक लहान लोखंडी दार आहे, काजळी काढण्यासाठी. अस्मितानं त्याची कडी ओढली आणि भावाला म्हणाली, "हात घाल."

"कशाला?"

"घाल म्हणते ना."

अश्विननं कोपरापर्यंत हात घातला. मी त्याला लागेल असं काही केलं नाही. माझ्या तळाला वर्षानुवर्षांची काजळी साठली होती, मऊ, पिठासारखी. त्यानं मूठ बाहेर काढली, उघडली. हवेवर ती काजळी अशी तरंगली की जणू तिला वजनच नाही.

"हे इथं उरलेलं," अस्मिता म्हणाली. "बाकीचं पप्पांच्या आत होतं."

अश्विन हाताकडे बघत राहिला. शर्टला पुसला, पाण्याच्या नळावर जाऊन धुतला, पुन्हा धुतला. बोटांच्या रेषांतलं काळं गेलं नाही. मग ओल्या हातानंच त्यानं साहेबांना फोन लावला.

"साहेब, मी येत नाहीये जासईला."  मग साहेबांचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. "तुझ्या वडिलांनी असं कधी केलं नसतं रे."

"हो ना," अश्विन म्हणाला. "म्हणूनच."

तो गेला नाही. त्या दिवशी माझ्या आतला खोकला थांबला होता. मला वाटलं, सुटला दत्तू.

पण भट्टी रिकामी राहत नाही. काही दिवसांनी देवजी मालाची पिंपं न्यायला आला, तेव्हा रखवालदाराला सांगत होता, "नवीन मानूस आनलाय साहेबान. लांबचा हाय, भाषा पन नाय समजत आपल्याला. दोन बारकी पोरा हायत गावाला." आग तीच आहे. दत्तूनं जिती ठेवलेली. त्या रात्री तो माझ्या आत पुन्हा खोकायला लागला. आता वारा दक्षिणेचा सुटला की एक काळपट रेघ खाडीवरून येते आणि माझ्या हिरव्या अंगाला घासून जाते. माझाच धूर आहे तो. मी हद्दपार केलेला नाही, माझ्यापासून तोडलेला. कागदावर तो कुठंच नाही. आभाळाला मात्र तुर्भे आणि जासई वेगळं करता येत नाही, आणि आमच्या त्या मेलेल्या रानालाही.

तुम्हीही कधी इथं याल. मला बघून म्हणाल, वा, किती सुधारणा झाली. म्हणा. पण तेवढ्यावर घरी जाऊ नका. कुठलीही चिमणी थंड दिसली, की तिच्या मालकाला विचारा, हिची आग कुठं ठेवलीत? आणि विझवली म्हणाला, तर राख दाखव म्हणा. अंगावरचा शर्ट काळा असेल, निळा असेल, तर त्यालाही विचारा. तुमची वडीलधारी माणसं मध्ये म्हणतील, जाऊ दे, आपल्याला काय करायचंय. त्यांचं ऐकू नका. त्यांचं ऐकूनच मी एवढी वर्षं काळी झाले.

अस्मिता दर रविवारी जासईला जाते. अजून तिला शेडच्या आत सोडलेलं नाही. ती फाटकाबाहेर उभी राहते आणि त्या नव्या माणसाला हाक मारते. नाव माहीत नाही, म्हणून नुसतंच म्हणते, "ओ दादा." पत्र्याआड फावडं चालू असतं, ते थांबत नाही.

परवा मात्र थांबलं, असं देवजी सांगत होता. आतून कुणीतरी ओ दिली. नीटशी ओ नव्हती म्हणे, खोकलाच होता. पण तिच्या हाकेनंतर आला.